मोंतुरावरची चिठ्ठी

सहासष्ट वर्षांची होईस्तोवर नोल्फा तापिया एकही डोंगर चढली नव्हती. कुणी विचारलंच असतं तर म्हणाली असती, माणसं डोंगरात पोटासाठी जातात, वर जाऊन करायचंय काय, तिथे काय वाढून ठेवलंय? इंका दे ओरोसारख्या गावात हे बोलणं शहाणपणाचंच होतं. चहूकडे उघडेबोडके डोंगर, त्यांच्या कुशीत सोडून दिलेल्या खाणींची भोकं, आणि गावातल्या प्रत्येक घरात खोकणारा एक तरी म्हातारा. आणि तीच बाई, नवरा जाऊन पाच महिने होतात न होतात तोच, बस पकडून कोपियापो शहरात गेली, मंडळाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, मला मोंतुरा डोंगरावर न्या.

मंडळ म्हणजे डोंगर चढणाऱ्यांचं मंडळ. एक खोली, खुंट्यांवर दोर, कपाटात नोंदवह्या, आणि त्या वह्यांवर नागोबासारखे बसलेले मारिन मास्तर. मास्तर बहात्तरचे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, पण मान अजून फळ्याकडे पाठ करून उभं राहिल्यासारखी ताठ. त्यांनी नोल्फाला ओळखलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तिच्या नवऱ्याबद्दलचं, साबिनो आरायाबद्दलचं ते वाक्य वहीत त्यांनीच लिहिलेलं होतं.

इकडच्या डोंगरांचा एक रिवाज आहे. माथ्यावर दगडांची रास असते, राशीत एक डबा. वर पोचलेल्याने आपलं नाव, तारीख आणि पत्ता लिहून चिठ्ठी डब्यात ठेवायची आणि आधीच्या माणसाची चिठ्ठी खिशात घालून खाली आणायची. मग ती ज्याच्या पत्त्यावर असेल त्याच्या दारी नेऊन द्यायची. चिठ्ठी दारी आली की ती चढाई खरी, वहीत नाव. तोवर कितीही शपथा घ्या, सगळ्या गप्पा. म्हणजे गंमत बघा, तुम्ही चढलात हे तुमचं तुम्हाला सिद्ध करताच येत नाही. ते सगळं तुमच्यामागून येणाऱ्या कुणा अनोळखी माणसाच्या हातात. आणि घरच्या माणसाने डब्यातून काढलेली चिठ्ठी चालत नाही, नाहीतर एकेकाच्या मेव्हण्याने पिशव्या भरभरून आणल्या असत्या.

साबिनो मोंतुराच्या पायथ्याशी ला पोर्फियादा नावाच्या खाणीत कामाला होता. १९८१ च्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी, बाकीचे झोपा काढत असताना, हा पठ्ठ्या एकटाच डोंगरावर गेला आणि संध्याकाळी उतरला. वर कॉफीच्या डब्यात चिठ्ठी ठेवून आलोय म्हणाला. कशाला गेला होतास विचारलं तर म्हणाला, उगाच, वर काय आहे ते बघायला. तोवर त्या डोंगरावर कुणी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. पुढच्याच वर्षी खाण बंद पडली, रस्त्यावर दरड आली, आणि तिकडे जायचं कुणाला कारण उरलं नाही.

आठ वर्षांनी मंडळाचे चौघे गेले, मास्तर त्यांचे म्होरके. माथ्यावर ना रास, ना डबा. मास्तरांनी परत येऊन वहीत लिहिलं, ‘चिठ्ठी नाही. आरायाचा दावा खोटा.’ नुसतं ‘सापडली नाही’ लिहिलं असतं तरी भागलं असतं. पण लाल शाईचा हात तो, राहावतंय कुठे.

बातमी गावात आली ती नेमकी सान लोरेन्सोच्या सणाला. खाणकामगारांचा संत तो, त्या दिवशी अख्खं गाव रस्त्यावर, टेबलं मांडलेली, दारूचे माठ भरलेले. कुणीतरी साबिनोला हटकलं, काय रे, मोंतुरावर चढला होतास म्हणे. नोल्फा पेले भरत होती. तिने मान वरसुद्धा केली नाही आणि म्हणाली, “हा कसला चढतोय. याला चढते.”

अख्खं टेबल हसलं. साबिनोही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. पण त्यानंतर त्याने मोंतुराचं नाव काढलं नाही. अठ्ठावीस वर्षं काढलं नाही. गावात मात्र ते वाक्य राहिलं. तो दुकानात गेला, न्हाव्याकडे गेला, की कुणीतरी म्हणायचंच.

जूनमध्ये तो गेला. छातीत खाणीची धूळ साठलेली, शेवटी शेवटी चार शब्द बोलायला चार वेळा थांबायचा. नोल्फाने त्याचं सगळं केलं. दवाखान्यातल्या नर्सचे आभार मानले, ऑक्सिजनची टाकी आणणाऱ्याचे मानले, शेजारणींचे, पाद्रीबाबांचे, खड्डा खणणाऱ्यांचेही मानले. सगळ्यांचे मानून झाल्यावर घरी आली, रिकाम्या खाटेपाशी बसली, आणि तिच्या ध्यानात आलं की चव्वेचाळीस वर्षांत त्या माणसाला आपण एकदाही ‘बरं झालं तू होतास’ असं म्हटलेलं नाही. म्हटलं काय, तर ‘याला चढते.’

हे सगळं तिने मास्तरांना सांगितलं नाही. तिने एवढंच म्हटलं, “डबा नसला तर नसला. मग मी हसले ते बरोबरच होतं. पण असला, तर मला कळायला हवं मास्तर. मी अशी अर्धवट नाही मरणार.”

मास्तर म्हणाले, आपण तिथे स्वतः बघून आलोय, तिथे काही नाही. नोल्फा म्हणाली, मग पुन्हा बघून येऊ. मास्तरांनी आपला गुडघा दाखवला. नोल्फाने आपले दोन्ही दाखवले. मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं, वही उघडली, ते पान वाचलं, वही मिटली, आणि म्हणाले शुक्रवारी निघू.

ट्रक एल्बाने काढला. एल्बा ही साबिनोची थोरली बहीण, चौऱ्याहत्तरची, जाडजूड, बोलायला एक नंबरची फटकळ. तरुणपणी ती ला पोर्फियादात कामगारांचं जेवण रांधायची, त्यामुळे दरड चुकवून नदीच्या कोरड्या पात्रातून कसं जायचं हे तिला पाठ होतं. वाटभर तिने मास्तरांची हजेरी घेतली. भूगोलाच्या मास्तराला रस्ता मी दाखवतेय, म्हणाली, धन्य ती शाळा. मास्तर नकाशात तोंड खुपसून बसले.

खाणीवर पोचले तेव्हा ऊन कललं होतं. कामगारांच्या खोल्यांची छपरं उडालेली, भिंती तेवढ्या उभ्या. एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली नावं अजून वाचता येत होती. एल्बाने जमिनीतली उघडी भोकं एकेक करून दाखवली आणि बजावलं की लघवीला जायचं तरी मला सांगून जायचं, इथे पडलेला माणूस सापडत नाही. मग तिने चूल मांडली. भाजलेल्या गव्हाचं पीठ गरम पाण्यात साखर घालून कालवलं आणि दोघांच्या हातात दिलं. खाणीतली माणसं हेच खाऊन राबायची. साबिनो म्हातारपणीही सकाळी हेच मागायचा आणि नोल्फा वैतागायची, की दात आहेत तोवर पाव खा की. आता तिने वाटी चाटूनपुसून खाल्ली.

पहाटे निघाले. मास्तर पुढे, नकाशा आणि होकायंत्र गळ्यात. नकाशावरचा सगळ्यात उंच बिंदू उत्तरेला होता, म्हणून ते उत्तरेकडच्या घळीतून चढले, तीस वर्षांपूर्वी चढले होते तसेच. सोबत सहा लिटर पाणी, सुकं मांस, पाव. मास्तरांचा एकच हुकूम होता, बरोबर एक वाजता जिथे असू तिथून परत फिरायचं. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि तो वारा माणसाला उभा राहू देत नाही.

घळीत नुसती घसरण होती. दोन पावलं वर, एक खाली. नोल्फाचा श्वास अर्ध्या तासात फुलला. थांबायचं नाव काढायची तिला लाज वाटत होती, पण मास्तर दर शंभर पावलांनी आपणहून थांबायचे, नकाशा बघायचे, घाम पुसायचे. नकाशा बघायची काही गरज नाही हे तिलाही दिसत होतं. तिने मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. ऊन वर आलं तेव्हा सावलीच्या एका खडकाचे मानले, पहिल्या घोटाचे मानले. दोन ग्वानाको, उंटाच्या जातीची ती रानटी जनावरं, वरच्या धारेवरून त्यांच्याकडे टक लावून बघत होते. असा आगंतुक प्रकार त्यांनी बरीच वर्षं बघितला नसावा.

चढता चढता तिला तो रविवार आठवायचा प्रयत्न करावासा वाटला. साबिनो उतरून घरी आला तो त्यानंतरच्या शनिवारी. वाऱ्याने ओठ फुटलेले, नाकाची सालं निघालेली. त्यांची लेक ओरियाना तेव्हा पाच महिन्यांची होती. तिच्या वेळी नोल्फा मरता मरता वाचली होती, जूनभर कोपियापोच्या इस्पितळात तापाने फणफणत पडली होती, आणि नोव्हेंबरातही अंगात म्हणावी तशी ताकद नव्हती. साबिनो दारात उभा राहून म्हणाला, मी मोंतुरावर जाऊन आलो. ती पोरीला न्हाऊ घालत होती. तिने म्हटलं, बूट बाहेर काढ.

साडेअकराला ते माथ्यावर होते. मास्तरांनी तेव्हा रचलेली रास तशीच होती, मंडळाचा पत्र्याचा डबाही. डब्यात त्यांचीच तीस वर्षांपूर्वीची चिठ्ठी, चौघांच्या सह्यांची. दुसरं काही नाही. मास्तर डबा हातात धरून उभे राहिले. त्यांनी नोल्फाकडे बघितलं नाही. फार वाईट वाटतंय, म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं.

नोल्फा खाली बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आला राग, आणि तोही कुणाचा ते कळेना. खाली सगळीकडे तांबडे, पिवळे, राखी डोंगर, कुठे माणसाचा मागमूस नाही. ती खाली बघत राहिली, मग उठून कडेपर्यंत गेली, मग दुसऱ्या कडेपर्यंत.

“मास्तर, खाण कुठाय?”

मास्तर म्हणाले, त्या सोंडेच्या मागे, इथून दिसत नाही.

“तो म्हणाला होता, वर बसलं की खाणीचं तोंड थेट पायाखाली दिसतं. वाण्याच्या दुकानात सांगत होता, माझ्या कानांनी ऐकलंय मी.”

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मोंतुरा म्हणजे खोगीर. नावाप्रमाणे डोंगराला दोन उंचवटे आणि मधे खोलगट. दक्षिणेचा उंचवटा समोरच होता, नकाशात वीस मीटरने कमी. खाणीतून वर बघितलं तर सोंड आड येऊन उत्तरेचा माथा दिसतच नाही, दिसतो तो फक्त दक्षिणेचा. आणि खाणीतली माणसं नकाशे बाळगत नव्हती. आपल्या खाणीवर जे डोकं वाकून बघतं तेच डोंगराचं डोकं, असा त्यांचा हिशेब. कामाच्या वेळा त्याच्याकडे बघून मोजायच्या, संताचा क्रूस त्याच्याकडे तोंड करून रोवायचा. मास्तरांना हे सगळं एका क्षणात कळलं असावं, कारण ते मटकन एका दगडावर बसले.

मग दोघांची जुंपली. मास्तर म्हणाले, खोगिरात उतरून पलीकडे चढायला दीड तास लागेल, एक वाजून जाईल, नियम म्हणजे नियम. नोल्फा म्हणाली, तुमचे नियम तुम्ही सांभाळा, मी चालले. मास्तर म्हणाले, एकट्या गेलात तर चिठ्ठी धरता येणार नाही, तुम्ही घरच्या. नोल्फा म्हणाली, मग या माझ्या मागे. पाण्याची एक बाटली उचलून ती उतरायला लागलीसुद्धा. मागे वळून बघायचं नाही असं तिने ठरवलं होतं. वळली असती तर तिथेच थांबली असती.

खोगिरात ती पोचली तेव्हा वारा सुरू झाला होता. पलीकडची चढण मात्र बरी होती. अर्ध्यावर तिला एक पायवाट लागली, दगड नीट बसवलेली, वळणं घेत वर जाणारी. खाणीतल्या ओझेवाल्यांनी पाठीवर दगड वाहून केलेली वाट ती, कुठल्याशा जुन्या भोकापर्यंत गेलेली. त्या अनोळखी माणसांना ती चालता चालता मोठ्याने म्हणाली, देव तुमचं भलं करो रे बाबांनो. ऐकायला कुणी नव्हतं म्हणून दोनदा म्हणाली.

माथ्यावर गुडघ्याएवढी रास होती. राशीत, दगडांच्या मधे, कॉफीचा डबा. गंजून तपकिरी झालेला, झाकण दोरीने बांधलेलं.

नोल्फाने तो बाहेर काढला. हलका होता. तिने तो हलवला तर आत काहीतरी सरकल्यासारखं वाटलं, नाहीतर वाऱ्याचा आवाज असेल. बोटं दोरीवर गेली. आणि मग ती थांबली. हा डबा त्याचाच कशावरून? खाणीतल्या आणखी कुणाचाही असू शकेल, आत खिळेही असतील. आणि चिठ्ठी असलीच आणि आपल्या हाताने निघाली, तर मंडळ म्हणेल बायकोने घरून लिहून आणली. अठ्ठावीस वर्षं जे लोक म्हणत आले तेच पुढेही म्हणतील, आणि आता त्यात आपलाही हात असेल.

तिने डबा मांडीवर घेतला, शालीत गुंडाळला, राशीच्या आडोशाला टेकली आणि मास्तरांची वाट बघत बसली. खाली थेट पायाखाली ला पोर्फियादाचं काळं तोंड दिसत होतं, शेजारी एल्बाचा ट्रक काडेपेटीएवढा. म्हणजे एवढं तरी खरं होतं. तिला आनंद होत होता आणि भीती वाटत होती, दोन्ही एकदम. मास्तर आलेच नाहीत तर? त्यांनी एक वाजता पाठ फिरवली असेल तर? मग हा डबा असाच परत दगडांत ठेवायचा आणि खाली जायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं. उघडायचा नाही. साबिनोवर हसताना तिने घाई केली होती. आता करणार नव्हती.

सव्वादोनला मास्तर आले. चालत नव्हे, जवळजवळ रांगत. पँट गुडघ्याला फाटलेली, ओठ पांढरेफटक. नोल्फाने उरलेलं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं. त्यांनी शालीतला डबा बघितला, बांधलेली दोरी बघितली, आणि तिच्या तोंडाकडे बघितलं.

“तुम्ही उघडला नाहीत?”

“तुमची वाट बघत होते.”

मास्तरांचे डोळे भरून आले. वाऱ्याने आले म्हणावं तर ते वाऱ्याकडे पाठ करून बसले होते. त्यांनी दोरी सोडली. आत सिगारेटच्या चांदीत गुंडाळलेला कागद होता, शाळेच्या वहीचं पान, घडी घातलेलं. वरच्या भागावर पेन्सिलीने लिहिलेलं मास्तरांनी वाचलं. साबिनो आराया, ला पोर्फियादा खाण. रविवार, १५ नोव्हेंबर १९८१. एकटा आलो. वारा फार. खाली लिहिलं होतं, माझं मंडळ नाही. चिठ्ठी पोचवायची ती नोल्फा तापिया, शाळेमागचं निळं दार, इंका दे ओरो. आणि त्याखालचा भाग दुमडून डिंकाने चिकटवलेला, वर ‘फक्त तिने उघडावी.’

नोल्फाने हात पुढे केला. मास्तरांनी कागद पुन्हा चांदीत गुंडाळला आणि छातीच्या खिशात ठेवून बटण लावलं.

ती चिडलीच. मी समोर बसलेय, म्हणाली, माझं नाव आहे त्याच्यावर, द्या इकडे. मास्तर म्हणाले, पत्ता निळ्या दाराचा आहे, हा डोंगराचा माथा आहे. मी एकदा गडबडीत निकाल दिलाय, आता या चिठ्ठीत कुणी बोट घालायला जागा ठेवणार नाही. रविवारी सकाळी दारात येईन. नोल्फा त्यांना गाढव म्हणाली. मास्तर म्हणाले, आहेच, वहीत तेही लिहितो. मग दोघंही हसायला लागले आणि मास्तरांना खोकला आला. आपापल्या चिठ्ठ्या लिहून त्यांनी डब्यात ठेवल्या. नोल्फाने नावाखाली ‘उशिरा आले’ एवढंच लिहिलं.

खाली जाताना ओझेवाल्यांची वाट धरली, ती सरळ खाणीच्या अंगणात उतरली, दोन तासांत. एल्बा चुलीपाशी बसली होती. इकडून कुठून आलात, म्हणाली, आणि मग सगळं ऐकून कपाळावर हात मारला. ही वाट तर आहेच की, तुम्ही विचारलंत कुठे, नकाशा उघडून चालू पडलात. मास्तरांनी नकाशा घडी करून तिच्या हातात दिला आणि चुलीत घाला म्हणाले. तिने घातला नाही, त्यावर पाव ठेवला.

रविवारी सकाळी निळ्या दारासमोर मास्तर उभे होते. कोट, टाय, बूट चकाचक, काखेत नोंदवही. हातात काठी, कारण गुडघा सुजून भोपळा झाला होता. एल्बा सकाळपासून येऊन बसली होती आणि खिडकीतून बघत म्हणत होती, नोल्फा, लग्नाची मागणी घालायला आल्यासारखा आलाय ग हा. नोल्फाने तिला गप्प केलं आणि दार उघडलं. तिने चांगला काळा झगा घातला होता. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता.

मास्तरांनी हॅट काढली. “नोल्फा तापिया आपणच?”

“मीच.”

“साबिनो आराया यांनी मोंतुराच्या दक्षिण माथ्यावर ठेवलेली चिठ्ठी आणलीय.”

त्यांनी आधी वही उघडून दाखवली. जुन्या वाक्यावर रेघ होती आणि खाली ताज्या शाईत होतं, ‘नोंद चुकीची. मी चुकीच्या माथ्यावर शोधलं. आराया खरं बोलत होते. दक्षिण माथ्याची पहिली चढाई त्यांची. – ए. मारिन.’ मग त्यांनी चिठ्ठी दिली आणि रिवाज सांगितला की घेणाऱ्याने ‘पोचली’ असं तोंडाने म्हणायचं असतं, मग मी वही मिटतो. पण घाई नाही, म्हणाले, आधी वाचा.

नोल्फाने डिंक नखाने सोडवला. अक्षर साबिनोचंच, उताराला लागलेलं.

‘नोल्फा, जूनमध्ये डॉक्टर म्हणाले होते तू जगत नाहीस. मी सान लोरेन्सोला बोललो, ही वाचली तर पाय नेतील तिथवर चढून आभार मानीन. आज फेडला. आई म्हणायची, नवस बोलून दाखवला की फिटत नाही, म्हणून तुला सांगणार नाही. कुणीतरी हा कागद आणेल तेव्हा कळेल. तोवर तुला वाटेल मी थापा मारतो. तू हसशील. हस. हसायला तू असावीस, एवढंच तर मागितलं होतं.’

तिने पुन्हा वाचलं. एल्बा मागून खांद्यावरून वाचत होती. मास्तर पायरीवर काठी टेकून उभे होते, वही उघडी, पेन हातात, नजर दुसरीकडे.

नोल्फाने दाराची चौकट धरली. सणाच्या दिवशी आपल्या बोलण्यावर सगळ्यात मोठ्याने हसलेला माणूस तिला दिसला, आणि तो का हसत होता तेही आता तिला कळलं.

“पोचली,” ती म्हणाली. मास्तरांनी मान डोलावली, पण ती त्यांच्याशी बोलत नव्हती. “पोचली रे, साबिनो. बरं झालं तू होतास.”